सुया, लोकर आणि सोबत

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोते मनातल्या मनात हसले असतील, अशी आमची अटकळ आहे. व्याख्यानाच्या व्यासपीठावर राज्ये उभी राहतात आणि कोसळतात, तत्त्वज्ञाने मांडली जातात आणि खोडली जातात. अशा जागी पायमोज्याचे आणि शालीचे काय काम, असे कोणी विचारले तर त्यात वावगे नाही. आम्हालाही हा विषय हाती घेताना प्रथम थोडा संकोच वाटला होता.

परंतु ज्या घरात दुपारची झाकपाक झाल्यावर दोन-चार बायका लोकरीचे गुंडे घेऊन बसतात, त्या घरातील माणसांनी एक गोष्ट नक्की पाहिलेली असते. बोलणे चाललेले असते कोणाच्या तरी बाळंतपणाचे, नाहीतर कोणाच्या बदलीचे. सुया आपल्या गतीने चाललेल्या असतात. आणि मध्येच एकजण थांबून दुसरीला म्हणते, "अगं, ही जाळी कशी घातलीस? चार ओळी उसव बघू, आणि पुन्हा कर माझ्यादेखत." दुसरी खळखळ न करता उसवते आणि पुन्हा विणून दाखवते. झाले शिक्षण! त्याला फी नाही, पुस्तक नाही, प्रमाणपत्र नाही.

आमचा आजचा प्रश्न या एवढ्याशा प्रसंगातून निघतो. शतकानुशतके एक कला हातातून हातात कशी जाते? तिला कोण जगवते? राजाश्रय, कारागिरांचे संघ, बाजार, की चार मैत्रिणींची सोबत? आणि सोबतीने जर ती जगवली असेल, तर त्या सोबतीने कारागिणीलाही जगवले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही आपणांस दूर उत्तर समुद्रातील शेटलंड बेटांवर नेणार आहोत. हाताच्या विणकामाचा एवढा अखंड आणि एवढा बोलका इतिहास असलेले प्रदेश जगात फार थोडे आहेत.

तत्पूर्वी एक खुलासा केला पाहिजे. मराठीत 'विणणे' हा शब्द मागालाही चालतो, सुयांनाही चालतो आणि खाटेच्या बाजेलाही चालतो. मागावर दोन सूत लागतात, एक ताण्याचे आणि एक बाण्याचे. सुयांवरच्या विणकामाला एकच धागा पुरतो. त्या धाग्याचा एक फास, त्या फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशी ती साखळी वाढत जाते. सुलट टाका आणि उलट टाका एवढीच या विद्येची मुळाक्षरे. पण त्यामुळेच हे कापड ताणले जाते, अंगाबरोबर वळते, आणि टाचेचा कोन किंवा बोटाची गोलाई कात्रीवाचून साधता येते. मागाला जागा लागते, तो उचलून नेता येत नाही. सुया मात्र पदराच्या गाठीत बांधून कोठेही नेता येतात. ही कला सोबतीची झाली याचे अर्धे कारण या हलकेपणात आहे.

सुयांवर विणलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आहेत. जुन्या कैरोच्या परिसरातील ते सुती पायमोज्यांचे तुकडे साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात, आणि त्यांवर निळ्या-पांढऱ्या नक्षीची रेखीव वीण आहे. म्हणजे आज ज्याचा उगम आपण थंड देशांत कल्पितो, ते काम प्रथम आढळते ते उष्ण वाळवंटाच्या काठी, आणि तेही कापसात. स्पेनमध्ये राजपुत्र फेर्नांदो दे ला सेर्दा १२७५ मध्ये वारला. त्याच्या थडग्यातील रेशमी उशीचा अभ्रा सुयांवर विणलेला आहे. इ. स. १४०० च्या सुमारास जर्मन चित्रकार मास्टर बर्ट्राम याने काढलेल्या एका वेदीचित्रात माता मेरी चार सुयांवर बाळाचा सदरा विणीत बसलेली दिसते. चार सुयांवर गोल विणायची रीत तोवर चित्रकाराच्याही डोळ्यांत भरण्याइतकी घरगुती झाली होती, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

पुढे युरोपातील शहरांत विणणाऱ्यांचे संघ निघाले. हे संघ पुरुषांचे. त्यांत उमेदवारी करावी लागे, वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली राबावे लागे, आणि शेवटी परीक्षेची वस्तू विणून दाखवावी लागे. जर्मन भाषिक प्रांतांतील संघांत या परीक्षेसाठी रंगीबेरंगी गालिचा विणण्याची चाल होती, आणि असे काही गालिचे संग्रहालयांत आजही आहेत. कसब उच्च होते यात शंका नाही. पण दार बंद होते. इंग्लंडात १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र रचले. राणी एलिझाबेथने गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून त्याला सनद नाकारली, अशी कथा सांगतात. राणी काय बोलली असेल ते असो; यंत्र मात्र पुढील दोन शतकांत पसरले, आणि बंद दारामागचे ते संघ एकेक करून नामशेष झाले. ज्यांना संघात कधी प्रवेशच नव्हता त्या बायका मात्र चुलीपाशी विणीतच राहिल्या. त्यांतल्याच काही शेटलंडमध्ये होत्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेस सुमारे शंभर लहानमोठी बेटे समुद्रात विखुरली आहेत. त्यांतील वस्तीची बेटे पंधरा-सोळाच. लर्विक हे त्यांचे मुख्य गाव. ही बेटे पूर्वी नॉर्वेच्या राजाच्या ताब्यात होती. १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियन याने आपल्या मुलीच्या हुंड्याच्या रकमेपोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली. गहाण कधी सुटले नाही! तेथील बोलीत मात्र नॉर्स शब्द राहिले आणि जमिनीवर मेंढ्या राहिल्या. झाड असे जवळजवळ नाहीच. वारा अखंड. उन्हाळ्यात मध्यरात्रीही आकाशात उजेड, आणि हिवाळ्यात दिवस अवघा पाच-सहा तासांचा. तेथील मेंढी लहानखुरी. परंतु तिची लोकर मऊ आणि नाना रंगांची, म्हणजे पांढरी, करडी, काळी, विटकरी. ऋतू बदलला की ही लोकर आपोआप सुटू लागते. तेव्हा ती कातरण्याऐवजी हातांनी अलगद उपटून काढण्याची तेथे जुनी पद्धत आहे. मानेभोवतालची लोकर सर्वांत तलम, आणि तीच नाजूक शालींसाठी राखून ठेवावयाची.

या बेटांवर विणकाम किती जुने, याचा एक साक्षीदार जमिनीतून निघाला. १९५१ च्या मे महिन्यात गनिस्टर या वाडीजवळ सरपणासाठी दलदलीतली पीट-माती काढताना माणसांना एका प्रेताचे अवशेष लागले. देह जवळजवळ विरघळून गेला होता, परंतु लोकरीचे कपडे टिकले होते. विणलेल्या टोप्या, हातमोजे, लांब मोजे आणि एक लहानशी पिशवी. पिशवीत तीन नाणी होती, दोन डच आणि एक स्वीडिश, आणि त्यांतील सर्वांत अलीकडचे १६९० चे. हा वाटसरू कोण, कोठे निघाला होता, थंडीने गारठला की कसे, हे इतिहासाला सांगता येत नाही. परंतु त्याच्या पिशवीवर करड्या विणीत तांबड्या-पांढऱ्या धाग्यांची नक्षी होती. शेटलंडमधील दोन रंगांच्या विणीचा हा सर्वांत जुना नमुना. कोणा एका स्त्रीने किंवा पुरुषाने तीनशे वर्षांपूर्वी टाके मोजून ती विणली. विणणाराचे नाव गेले, टाके राहिले.

पिशवीतली डच नाणी अकारण नव्हती. सतराव्या शतकात हेरिंग मासळीसाठी हॉलंडची शेकडो गलबते उन्हाळ्याच्या तोंडी लर्विकच्या खाडीत जमत. खलाशांना लोकरीचे मोजे हवे असत, बेटांवरच्या बायकांना पैसा आणि जिन्नस हवे असत. किनाऱ्यावर बाजार भरे. लर्विक गावच या बाजारातून वाढले. म्हणजे तेथील विणकाम पहिल्यापासून हौसेचे नव्हते. ते पोटाचे होते.

आणि हे पोटाचे काम बायका करीत तरी कधी? उत्तर असे, की इतर सर्व कामे करता करता. पुरुष समुद्रावर. शेत, गाय, सरपण, मुले हे सारे बायकांच्या अंगावर. पाठीवर गवताची विणलेली टोपली, टोपलीत पीट-मातीचे ढेकळे, आणि हात मोकळे म्हणून हातांत सुया! अशी चित्रे आणि छायाचित्रे एकोणिसाव्या शतकातली पुष्कळ आहेत. कमरेला चामड्याचा एक पट्टा असे. त्याच्या पुढल्या अंगास घोड्याच्या केसांनी भरलेली गादी आणि तिला भोके. एका सुईचे टोक त्या भोकात रोवले, की त्या सुईचा भार हाताला राहत नाही, आणि चालता चालता न पाहता विणता येते. हा पट्टा शेटलंडच्या विणकरणी आजही वापरतात.

मात्र दिवसाचे हे एकटीचे काम रात्री सोबतीचे होई. हिवाळ्याची रात्र लांब, माशाच्या तेलाचा दिवा मिणमिणता, आणि सरपण जपून वापरावयाचे. मग एकीच्या घरी आज, दुसरीच्या घरी उद्या, अशा शेजारणी जमत. लोकर पिंजून तिचे पेळू करावयाचे काम एका घराने करावयाचे म्हटले तर दिवसच्या दिवस जात. म्हणून साऱ्या आळीने एका घरी बसून त्या घरची लोकर पिंजून द्यावयाची. काम संपले की खाणे-पिणे होई, आणि कोणी सारंगी घेऊन आला तर नाचही होई. शेटलंडच्या बोलीत 'सॉक' म्हणजे नुसता पायमोजा नव्हे. सुयांवर चालू असलेल्या कोणत्याही कामाला हाच शब्द. "तुझा सॉक घेऊन ये" याचा अर्थ, ये, बस, चार गोष्टी करू. आपल्याकडे जात्यावर दोघी बसल्या की ओवी फुटते. तेथे सुया चालू लागल्या की बोलणे फुटे. कष्टाला सोबत जोडून ते हलके करण्याची युक्ती कोणा एका देशाची मिरास नाही.

या बैठकींत लहान मुलगी बसे. चार-पाच वर्षांची झाली की तिच्या हाती सुया येत. तिला कोणी पाठ दिला नाही. ती पाहत होती. पहिल्यांदा सुलट टाक्यांची पट्टी, मग टाके वाढवणे, घटवणे, मग मोज्याची टाच. टाका गळला की शेजारची म्हातारी आपली वीण मांडीवर ठेवून तो उचलून देई. नक्ष्या कागदावर नव्हत्या, त्या नावांत होत्या. एका नक्षीचे नाव लाटेची खूण, एकीचे मांजराचे पाऊल, एकीचे घोड्याची नाल, एकीचे नेचा, एकीचे पाखराचा डोळा. नाव उच्चारले की टाक्यांचा हिशेब आठवावा, अशी ही सोय. आपल्या रांगोळीतल्या गोपद्माला किंवा कासवाला जसे वेगळे शिकवणे लागत नाही, तसेच हे. विणीचे नमुने छापलेली पुस्तके ब्रिटनमध्ये १८४० च्या सुमारास खपू लागली. एडिंबरोच्या जेन गोगेन या बाईंचे पुस्तक त्यांतले एक प्रसिद्ध. परंतु पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून हे ज्ञान चुलीभोवती फिरत होते, आणि फिरता फिरता सुधारत होते. एकीने लाटेच्या नक्षीत एक टाका कमी केला, दुसरीने तो पाहिला, तिसरीने आपल्या शालीच्या काठात घेतला. शोध कोणाचा, असे विचारले तर उत्तर मिळावयाचे नाही, आणि ते विचारण्याची कोणाला गरजही वाटली नाही.

या सामायिक शिक्षणाचे परमोच्च फळ म्हणजे अन्स्ट बेटाची जाळीदार शाल. हाताने कातलेल्या तलम लोकरीची ही शाल सहा फूट लांब, सहा फूट रुंद. आणि वजन सहा-सात तोळ्यांच्या आसपास! ढाक्याची मलमल किंवा काश्मिरी शाल अंगठीतून काढून दाखवीत, हे आपण ऐकलेले आहे. अन्स्टच्या शालीचीही तीच परीक्षा. लग्नाच्या अंगठीतून ती सरकन निघे. आधी काठ, मग काठावरून उचललेल्या टाक्यांची किनार, शेवटी मधला चौक, आणि जोड कोठे आहे ते दिसता कामा नये. धुतल्यावर लाकडी चौकटीवर ती ताणून वाळवीत, तेव्हा कोठे जाळी उमलून येई.

या शालींची कीर्ती बाहेर नेणाऱ्यांत ऑक्सफर्डचे व्यापारी एडवर्ड स्टँडन होते, आणि आर्थर अँडरसन होते. अँडरसन हे लर्विकचे, जन्म १७९२ चा. पोरवयात किनाऱ्यावर मासळी वाळवण्याच्या कामावर होते. पुढे ते 'पी. अँड ओ.' या जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. या कंपनीच्या बोटींनी मुंबई बंदरातून विलायतेस गेलेल्या आपल्याकडील पिढ्यांना त्या कंपनीच्या मुळाशी विणकरणींच्या बेटावरचा एक मुलगा आहे, हे बहुधा ठाऊक नव्हते. अँडरसन यांनी तरुण राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम मोजे भेट दिले, आणि दरबारात जे जाते ते बाजारात मागितले जातेच. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडची वीण मांडली गेली. लंडनच्या बायकांनी ती शाल खांद्यावर घेतली.

येथवरची कथा गोड आहे, आणि आम्ही येथेच थांबलो असतो तर व्याख्यान सुखाने संपले असते. पण मघाच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरला आहे. सोबतीने कला जगवली. कारागिणीचे काय झाले?

विणलेली शाल घेऊन बाई लर्विकच्या दुकानात जाई. दुकानदार शाल ठेवून घेई आणि मोबदल्यात पैसे देत नसे, माल देई. चहा, सुती कापड, फिती, असल्या जिनसा. त्यांची किंमत दुकानदाराच्या वहीत लिहिलेली. घरी पीठ नाही, पण पदरात चहाची पुडी! मग ती बाई तो चहा खेडोपाडी फिरून कोणा शेतकऱ्याच्या घरी पिठाच्या बदल्यात देई. कधी मालही न देता चिठ्ठी मिळे, की पुढे केव्हातरी एवढ्या रकमेचा माल घेऊन जावा. आणि नडलेली बाई ती चिठ्ठी कमी किमतीत दुसऱ्याला विकी. घरभाडे, औषध, सरपण यांना रोख लागते. रोख मागितली तर ती रीत नाही, हे उत्तर. मजुरीऐवजी माल देण्याच्या या प्रकाराला आळा घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ पासून होता. पण घरी बसून विणणारी स्त्री त्या कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरत नव्हती.

१८७२ च्या आरंभी सरकारी चौकशीचे काम घेऊन विल्यम गथ्री हे आयुक्त शेटलंडला आले. त्यांनी व्यापारी, कोळी, शेतकरी यांना बोलावले, तसेच विणणाऱ्या बायकांनाही बोलावले. हजारो प्रश्नोत्तरांचा तो छापील वृत्तांत उपलब्ध आहे, आणि ज्यांना सामान्य माणसाचा इतिहास हवा असेल त्यांनी तो जरूर चाळावा. जिने कधी सही केली नसेल अशी बाई तेथे सांगते आहे, की मी काय विणले, किती दिवस लागले, दुकानात मला काय मिळाले, आणि मी पीठ कसे मिळवले.

हा वृत्तांत वाचताना आमच्या मनात एक विचार सारखा येत राहिला. ज्या बायका जाळीचा अवघड टाका एकमेकींना विनासायास दाखवीत होत्या, त्यांनी आपला हिशेब एकमेकींना का दाखवला नाही? चुलीभोवती हे बोलणे अगदीच होत नसेल, असे म्हणवत नाही. पण दुकानातली वही प्रत्येकीची वेगळी, उधारी प्रत्येकीची वेगळी, आणि उधारीची लाज सर्वांना सारखी. वीण उजेडात होती, व्यवहार अंधारात होता. गथ्री यांच्या चौकशीने जे केले ते चुलीपाशी नक्ष्यांचे होत असे तेच. एकीचा हिशेब दुसरीच्या हिशेबाशेजारी ठेवला. ओळीशेजारी ओळ लागली, आणि नक्षी दिसली.

नक्षी दिसल्याबरोबर न्याय मिळाला असे मात्र कोणी समजू नये. मधल्या काळात समुद्राने आपला घास घेतला. २० जुलै १८८१ रोजी उत्तरेकडील येल बेटाच्या ग्लूप गावच्या किनाऱ्यावरच्या आणि आसपासच्या दहा नावा वादळात बुडाल्या, अठ्ठावन्न पुरुष गेले. किती घरांत त्या दिवसापासून मिळवते हात म्हणून सुया धरणारेच उरले असतील, याची कल्पना करवत नाही. १८८७ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि घरी बसून विणलेल्या पाच पौंडांहून कमी किमतीच्या लोकरी वस्तूंनाही तो लागू करण्यात आला. कागदावर विणकरीण त्या दिवशी कामगार झाली. जुनी चाल तरीही एका रात्रीत गेली नाही. विसाव्या शतकातही तिचे अवशेष बराच काळ टिकून होते. पण आता 'ही रीत नाही' हे उत्तर दुकानदाराला द्यावे लागत होते ते कायद्याच्या विरुद्ध.

शालींची फॅशन ओसरली तेव्हा बेटांनी दुसरी वीण पुढे आणली. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधोमध फेअर आइल नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील अनेक रंगांच्या पट्ट्यांची वीण जगात त्या बेटाच्याच नावाने ओळखली जाते. १५८८ मध्ये स्पेनच्या आरमारातले 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज या बेटावर फुटले, ही गोष्ट खरी. त्या जहाजातल्या खलाशांनी बेटकऱ्यांना ही नक्षी शिकवली, ही गोष्ट मात्र विकण्यासाठी सोयीची असली तरी तिला पुरावा नाही. गनिस्टरच्या वाटसरूची पिशवी काढून पाहिली की उत्तर समुद्राच्या काठच्या सगळ्याच लोकांत अशी रंगीत वीण हळूहळू पसरत होती, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बायकांनी पिढ्यान्पिढ्या घडवलेल्या गोष्टीचे श्रेय एका फुटक्या जहाजाला द्यावे, ही इतिहासाची जुनी खोड आहे.

या विणीचे मर्म ऐकण्यासारखे आहे. स्वेटरात आठ-दहा रंग दिसतात, पण एका ओळीत दोनच असतात. एक धागा टाका होतो तेव्हा दुसरा मागून चालत राहतो; म्हणून कापड दुहेरी आणि ऊबदार होते. स्वेटर नळीसारखा गोल विणत जावयाचा, आणि बाहीची जागा आली की तेथे जादा टाक्यांची पट्टी घालून पुढे जावयाचे. सगळे विणून झाल्यावर कात्री घेऊन ती पट्टी मधोमध सरळ कापावयाची! शेटलंडची लोकर तंतूतंतूंनी एकमेकींना धरून राहते, म्हणून टाके सुटत नाहीत. महिन्याच्या कष्टाला पहिल्यांदा कात्री लावताना नवशिकीचा हात थरथरला नाही तरच नवल. त्या क्षणी पुस्तक उपयोगाचे नाही. शेजारी बसून "काप गं, काही होत नाही" म्हणणारी लागते.

१९२१ मध्ये लर्विकच्या एका कापड व्यापाऱ्याने असा एक स्वेटर युवराज एडवर्ड यांना भेट दिला, आणि १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर तो त्यांच्या अंगावर दिसला. मग काय, मागणीला तोटा राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतून निसटून आलेली माणसे शेटलंडला उतरली. त्यांच्या अंगावरच्या स्वेटरांतले मोठे तारे तेथील विणकरणींनी पाहिले आणि आपल्या नक्ष्यांत घेतले. परक्या मुलखातून आलेल्या निर्वासिताकडून काय घ्यावे, याचे हे एक लहानसे पण सुंदर उदाहरण होय.

त्यानंतर मात्र कलेवर वेगळाच प्रसंग आला. १९७० नंतरच्या दशकात उत्तर समुद्रात तेल निघाले, शेटलंडच्या सलम व्हो येथे तेलाचा प्रचंड तळ उभा राहिला, आणि बायकांना बऱ्या पगाराच्या नोकऱ्या मिळू लागल्या. तासातासाचा हिशेब केला तर हाताने विणलेल्या स्वेटराला कोणीच पुरेसा भाव देऊ शकत नव्हते. सुया खाली ठेवल्या गेल्या, आणि ज्यांनी ठेवल्या त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या आज्यांनी चहाच्या पुडीसाठी विणले होते. शाळांतून मुलांना विणकाम शिकवीत, तोही वर्ग स्थानिक मंडळाने खर्च कमी करताना २०१० मध्ये बंद केला.

आणि येथे कथेला वळण लागते. त्याच २०१० मध्ये शेटलंडमध्ये लोकर-सप्ताह सुरू झाला. तेव्हापासून शरद ऋतूत देशोदेशींची माणसे लर्विकला जमू लागली. या सप्ताहासाठी एका टोपीचा नमुना आधी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला. आपापल्या घरी तो विणावयाचा आणि ती टोपी घालून यावयाचे. बोटीतून उतरणारा अनोळखी माणूस डोक्यावरच्या टोपीने ओळखीचा होतो. त्यानंतर 'पीरी मॅकर्स' या नावाने वर्ग निघाले. पीरी म्हणजे लहान. जाणत्या विणकरणी स्वखुशीने वेळ देऊन शाळकरी मुलामुलींना पट्टा कमरेला बांधून विणावयास शिकवू लागल्या. सरकारी वर्ग बंद झाला, आणि चुलीचा वर्ग पुन्हा भरला. चुलीची जागा शाळेच्या खोलीने घेतली, एवढाच काय तो फरक.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ इच्छितो. कला कोणी जगवली? दरबाराने तिला कीर्ती दिली, बाजाराने तिला काम दिले, आणि दोघेही फॅशन बदलताच निघून गेले. शाल गेली तेव्हा आणि स्वेटर गेला तेव्हा जे उरले ते शेजारणीचे "ये, बस, दाखवते" हे शब्द होते. त्यांनी कला जगवली, हे निःसंशय. परंतु त्याच शेजारणींना चहाच्या पुडीपासून सोडवावयाला ते शब्द पुरे पडले नाहीत. त्यासाठी टाक्यांबरोबर हिशेबही एकमेकींपुढे मांडावा लागला, आणि तो चारचौघांत मोठ्याने सांगावा लागला.

आपल्या गावातही दुपारी जमणारी, स्वेटर, भरतकाम, गोधड्या घेऊन बसणारी मंडळे आहेत. त्यांत नव्या विणी शिकल्या जातात, एकीचे काम दुसरीला दाखवले जाते, चुकलेले उसवले जाते. त्यांना कोणी रिकामटेकडी म्हणू नये, एवढी विनंती आहे. आणि त्या मंडळांत बसणाऱ्या भगिनींनाही एक विनंती. तुमच्यांतली कोणी ते काम विकत असेल, तर तिला नवा टाका दाखवता दाखवता हेही विचारा, की बाई, या कामाचे तुला मिळाले किती?